साडेसातव्या मजल्यावरचा कुकर

प्यो बमसकच्या आईची अट एकच होती. नव्या घरात सगळ्यांत आधी भाताचा कुकर जाईल; त्याच्याआधी माणूस नाही, चप्पल नाही, केरसुणीसुद्धा नाही. यात जगावेगळं काही नव्हतं म्हणा. चांगवन शहरात घर बदलणारा जो तो कुकर आधी नेतो, आणि ज्याला हे पटत नाही तोही नेतो, कारण उगाच कशाला विषाची परीक्षा पाहायची. फरक इतकाच, की बाकीचे लोक कुकर काखेत मारून लिफ्टने वर जातात आणि पाच मिनिटांत मोकळे होतात. बमसकने तो शिडीवर चढवला.

शिडी म्हणजे ट्रकवरची हो. एकात एक बसलेले सहा टप्पे. बटण दाबलं की एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा असे निघत निघत थेट वरच्या खिडकीला टेकतात, आणि त्यावरून एक पाळणा वर-खाली करतो. कपाट, फ्रिज, पियानो, सगळं त्या पाळण्यातून घरात जातं. तेरा माणसं उचलतील ते सामान जिथे जातं, तिथे त्या दिवशी पहिल्या फेरीला एकटा कुकर बसला होता, पोटात दोन किलो तांदूळ घेऊन आणि अंगाभोवती रजई गुंडाळून.

असं का केलं, तर त्याला दोन कारणं होती. पहिलं कारण इमारतीच्या कार्यालयातले जू साहेब. रहिवाशांची लिफ्ट माणसांसाठी आहे, घर बदलायच्या दिवशी तिच्यातून सामानाची टाचणीही जाणार नाही, असं त्यांनी आदल्याच आठवड्यात बजावलं होतं. कुकर म्हणजे काही सामान नव्हे, असं बमसकची बायको मीरान म्हणाली, तेव्हा जू साहेबांनी चष्मा लावून नियमांचं पुस्तक काढलं, बराच वेळ वाचलं, आणि कुकर माणूस असल्याचा उल्लेख कुठे आढळत नाही असं सांगितलं.

दुसरं कारण बमसकने कुणाला सांगितलं नव्हतं. ती शिडी त्याच्याच कंपनीने बनवलेली होती. म्हणजे शिडी बनवण्यात त्याचा हात होता असं नाही. बावीस वर्षांत त्याच्या हाताला ग्रीसचा ठिपका लागलेला नव्हता. शिडीबरोबर जी माहितीपुस्तिका मिळते, ती तो लिहायचा. ‘बोल्ट पुरेसा आवळावा’, ‘हात आत घालू नये’ वगैरे. आई मात्र भाजीवालीपासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सांगत असे की माझा मुलगा पुस्तकं लिहितो. लोकांचा समज कादंबऱ्यांचा व्हायचा. तो समज दूर करायला योग्य असा प्रसंग बमसकला बावीस वर्षांत सापडला नव्हता.

तर अशी आपली शिडी, आपला कुकर, आपलं घर. त्याला वाटलं, कसं शोभून दिसेल.

दिवसही साधा नव्हता, पंचांगात बघून काढलेला होता. एरवी चारी दिशांना भटकणारी पीडा त्या दिवशी आभाळात गेलेली असते, त्यामुळे घर बदलायला धोका नसतो. म्हणून सगळं शहर त्याच दिवशी घर बदलतं आणि शिडीचा एकही ट्रक मोकळा मिळत नाही. बमसकला मिळालेले शिडीवाले बोंग दादा अडीच वाजता शहराच्या दुसऱ्या टोकाला जाणार होते, आणि ते त्यांनी येताक्षणीच तीनदा सांगून टाकलं होतं.

आता ओकबुन आजींचं, म्हणजे बमसकच्या आईचं, हे नुसतं खूळ होतं असं कुणी म्हणू नये. एकोणीस वर्षांपूर्वी हे कुटुंब भाड्याच्या घरात आलं ते घाईगर्दीत, भलत्याच दिवशी, आणि कुकर आला सगळ्यांत शेवटी, भांड्यांच्या खोक्याच्या तळाशी. त्याच वर्षी बमसकचे वडील गेले. डॉक्टर म्हणाले हृदय. आजी म्हणाल्या कुकर. डॉक्टरांचं म्हणणं घरात सगळ्यांना पटलं, पण बमसकला वडिलांचे बूट वर्षभर दाराशी तसेच पडलेले आठवत होते. आता एकोणीस वर्षांनी स्वतःचं घर झालं होतं, नवव्या मजल्यावर, नऊशे तीन नंबरचं. आजींनी सांगून ठेवलं होतं, “या खेपेला चुकलं तर मी उंबरा ओलांडणार नाही. सरळ गावी जाईन.” त्या धमक्या देणाऱ्यांपैकी नव्हत्या. कपड्यांची पिशवी भरून हातात तयार होती. बमसकचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, पण एक्कावन्नाव्या वर्षी त्याला त्या पिशवीची भीती वाटत होती.

सव्वादहाला पाळणा निघाला. पहिला मजला, दुसरा, तिसरा. बमसक मान वर करून पाहत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर मुलीच्या शाळेच्या संमेलनात असतो तसा भाव होता. सातव्या मजल्याच्या वर शिडीच्या पोटातून ‘कडाक्’ असा आवाज आला, सगळी शिडी अंग चोरल्यासारखी थोडी डावीकडे झुकली, आणि कुकर जागच्या जागी थांबला. वर जाईना, खाली येईना.

बोंग दादांनी सगळी बटणं दाबून पाहिली. मग त्यांनी शिडीच्या बुडाशी कान लावला.

“साखळी,” ते म्हणाले.

शिडीच्या आत दोन साखळ्या असतात, डावी आणि उजवी. आतले टप्पे त्याच वर ओढतात. दोघींचा ताण सारखा हवा. एक ताठ आणि एक ढिली झाली की टप्पा तिरका होतो आणि बाहेरच्या टप्प्यात रुतून बसतो. डावी ढिली पडली होती. ताण कमीजास्त करायला प्रत्येक साखळीच्या शेपटाला एक लांब बोल्ट असतो, त्यावर दोन नट. एक आवळायचा आणि दुसरा त्याला जागेवर धरून ठेवायचा. पाच मिनिटांचं काम, असं बोंग दादा म्हणाले. बमसकलाही ते माहीत होतं. बोल्टाचं वर्णन त्यानेच केलं होतं, चित्रासकट.

पण बोल्ट होता ट्रकच्या मागच्या बाजूला, आणि ट्रकच्या मागे, अगदी चिकटून, एक करडी गाडी उभी होती.

यात खरं तर अडचण नव्हती. आपल्याकडे पार्किंगमध्ये गाडीच्या मागे गाडी लावायची पद्धतच आहे. लावणारा हँडब्रेक सोडून जातो, ज्याला अडते तो ढकलतो. सामान हलवणारे चौघे आले, दोन रहिवासी आले, सगळ्यांनी खांदे लावले. गाडी हलेना. कुणा शहाण्याने हँडब्रेक लावून ठेवला होता. जू साहेबांनी कार्यालयात जाऊन ध्वनिक्षेपक सुरू केला. तो प्रत्येक घराच्या बैठकीच्या खोलीत वाजतो आणि बंद करता येत नाही. गाडीचा नंबर सांगून ते म्हणाले की असा हँडब्रेक लावणारा माणूस समाजात राहायला लायक आहे की नाही याचा त्याने स्वतःच विचार करावा. सातशे कुटुंबांनी ते ऐकलं. ढकलणारे तर त्याच्या सात पिढ्यांपर्यंत पोचले होते, आणि त्यांच्यात सगळ्यांत मोठा आवाज होता बमसकचा.

तेवढ्यात मीरान पलीकडून येत म्हणाली, “अहो, आपलीच गाडी का ढकलताय?”

ते बमसकला माहीत होतं. जुनं घर उतारावर होतं आणि हँडब्रेक ओढायची हाताची सवय गेली नव्हती. पण घोषणा झाल्यावर ‘माझी’ म्हणायला जो धीर लागतो, तो गोळा करण्यासाठी तो जरा वेळ काढत होता. त्याने खिशातून किल्ली काढली. ढकलणारे सगळे हात झटकून बाजूला झाले.

गाडी निघाली, बोंग दादा पाना घेऊन आडवे झाले, आणि जू साहेब कागद घेऊन आले. घर बदलायचा परवाना होता, पण यंत्र दुरुस्त करायचा नव्हता, आणि आवारात दुरुस्तीला वेगळा अर्ज लागतो. बमसकने अर्ज भरायला घेतला. ‘काम कोणत्या घराशी संबंधित आहे’ अशी एक ओळ होती. त्याने नऊशे तीन लिहिलं. जू साहेबांनी मान हलवली. नऊशे तीनमध्ये अजून काहीच गेलेलं नाही, वस्तू जिथे आहे तिथलं घर लिहा, म्हणाले. दोघांनी वर पाहिलं. कुकर सातशे तीनच्या वर आणि आठशे तीनच्या खाली होता. बराच खल होऊन शेवटी साडेसातशे तीन असं लिहायचं ठरलं, आणि त्याखाली त्या घराच्या रहिवाशाची सही हवी म्हणून जू साहेबांनी रिकामी चौकट आखली.

सातशे तीनच्या मेंगबाई तोपर्यंत स्वतःच खिडकीत आल्या होत्या. निवृत्त नर्स, उत्साही स्वभाव. त्यांनी वरून विचारलं, की एवढा आटापिटा कशाला, मी पोछ्याच्या दांड्याने कुकर ओढून घरात घेते, मग कुणीतरी येऊन जिन्याने वर न्या. जमलेल्या सगळ्यांना हे एकदम पटलं. बमसकच्या तर डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

“नाही,” ओकबुन आजी म्हणाल्या. कुकर आधी ज्या घरात शिरेल, त्या घराची भरभराट. एकोणीस वर्षं थांबून आमची भरभराट मी सातव्या मजल्यावर देऊन टाकू का, असा त्यांचा साधा प्रश्न होता.

हे ऐकल्यावर मेंगबाई जरा विचारात पडल्या आणि आत गेल्या. दोन मिनिटांनी त्या पुन्हा खिडकीत आल्या, तेव्हा हातात पोछ्याचा दांडा होता आणि त्याच्या टोकाला वाकवलेला हँगर बांधला होता. शेजारधर्म म्हणून मदत करते आहे, असं त्या म्हणाल्या. आजींनी खालून त्यांच्याकडे अशी काही नजर टाकली की सात मजले चढून ती पोचली. दांडा मागे गेला. पण त्यानंतर आजींनी खुर्ची मागवली, ट्रकशेजारी ठेवली आणि त्या खिडकीवर डोळा ठेवून बसल्या. आता आजींना हलवणंही शक्य नव्हतं.

इकडे बोंग दादा ढिली साखळी आवळत होते. जेवढी आवळत, तेवढी शिडी जास्त कुरकुरत होती. बारा वाजले. काळ्या रश्शातले नूडल्स आले; घर बदलायच्या दिवशी ते मागवायचेच असतात. ते घरात बसून खायचे, पण घरात तर कुणाला पाऊल टाकायचं नव्हतं. मग पार्किंगमध्ये वर्तमानपत्रं अंथरून सगळे बसले, सामानवाले, बोंग दादा, जू साहेबसुद्धा. येणारेजाणारे त्यांच्यामधून गाड्या काढत होते. आठशे तीनचे गृहस्थ डोंगर चढून परत आले आणि ट्रेकिंगची काठी टेकत उभे राहून सल्ला देऊ लागले, की शिडीला एक लाथ घालावी.

खाणं झाल्यावर बोंग दादांनी ट्रकच्या कप्प्यातून एक तेलकट पुस्तिका काढली. बमसकने ती लांबूनच ओळखली. त्याने रिकामा वाडगा उगाच पुन्हा उचलला.

“इथे लिहिलंय,” बोंग दादा बोट ठेवून मोठ्याने वाचू लागले, “‘साखळीचा ताण तपासण्यापूर्वी शिडी पूर्णपणे आडवी करावी.’ आडवी करता आली असती तर तुझं पुस्तक कशाला उघडलं असतं रे? पुढे काय, ‘साखळीचा झोळ तक्ता क्रमांक सहाप्रमाणे असावा.’” त्यांनी पान उलटलं. तक्ता पाच होता. त्याच्यापुढे कंपनीच्या अध्यक्षांचा पानभर फोटो होता, शुभेच्छांसह. “सहा कुठाय? हा बाबा म्हणजे तक्ता सहा का? ज्याने हे लिहिलं ना, त्याला पाळण्यात बसवून वर न्यायला पाहिजे. आणि तिथेच ठेवायला पाहिजे.”

सगळे हसले. बमसकही हसला, आणि ते हसू त्याला स्वतःलाच फार महागात पडलं, कारण तक्ता सहा कुठे आहे हे जगात फक्त त्याला माहीत होतं. तीन आठवडे खपून तो त्याने केला होता. चाचणी विभागातल्या एका म्हाताऱ्या फिटरच्या मागे मागे फिरून एकेक आकडा लिहून घेतला होता. बावीस वर्षांत मनापासून केलेलं तेवढं एकच पान. तक्त्याखाली त्याने एक टीपही लिहिली होती. मग छपाईच्या वेळी अध्यक्षांचा फोटो आला. पानं चारच्या पटीत हवी होती. एक पान काढायचं कुठलं, असं वरिष्ठांनी विचारलं, आणि बमसकच म्हणाला होता, “तक्ता सहा काढा साहेब. कोण वाचतंय?”

बोंग दादांनी पुन्हा पाना उचलला आणि डावी साखळी आणखी एक फेरा आवळली. वर काहीतरी कण्हलं. कुकर वीतभर झुकला आणि रजईचं एक टोक सुटून हवेत लोंबू लागलं. आजी खुर्चीतून उठल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली.

बमसकला ते पाहवलं नाही.

“दादा, थांबा,” तो म्हणाला. “ढिली आवळू नका. शिडी उभी अडकली असेल तर आधी ताठ साखळी सोडायची, अर्धा फेरा. दोघी सारख्या ढिल्या झाल्या की टप्पा सरळ होतो. मग दोघींना बरोबरीने आवळायचं, पाव पाव फेरा.”

“हे कुणी सांगितलं?”

“वाचलंय कुठेतरी.”

“कुठे?” बोंग दादांनी पुस्तिका त्याच्या नाकासमोर धरली. “तीस वर्षं शिड्या चालवतोय. शिडीबद्दल छापलेला एकूण एक कागद माझ्याकडे आहे. हे कुठे छापलेलं नाही.”

“छापलंच नाही,” बमसक म्हणाला. “तक्ता सहाच्या खाली होतं. मीच काढायला सांगितलं.”

जू साहेबांनी चष्मा काढून पुसला. मीरानने दुसरीकडे पाहिलं. आजी म्हणाल्या, “म्हणजे तू लिहितोस ती पुस्तकं ही?” त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि बमसकला तेच फार लागलं. भाजीवालीला आता काय सांगायचं, असा हिशोब त्या मनात करत असाव्यात.

बोंग दादांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग कानामागचं बॉलपेन काढून पुढे केलं. “लिहा,” ते म्हणाले. “आत्ता, इथे. पुढच्या वेळी तुम्ही नसाल.” पुस्तिकेत कोरी जागा कुठेच नव्हती, फक्त अध्यक्षांच्या कपाळावर होती. अध्यक्षांना टक्कल होतं. बमसकने त्या कपाळावर बारीक अक्षरात सगळी टीप लिहिली आणि आकडे गालांवर.

मग ताठ साखळी अर्धा फेरा सुटली. शिडीने अंग झाडल्यासारखं केलं आणि ती सरळ झाली. दोन्ही साखळ्या पाव पाव फेऱ्याने आवळत गेल्या. बोंग दादा प्रत्येक वेळी पान्याने त्यांना टिचकी मारून कान लावत होते, आणि दोघींचा आवाज एक झाल्यावर त्यांनी मागचे नट घट्ट केले. दीड वाजला होता. आता पाळणा खाली आणून एकदा तपासतो, असं ते म्हणाले. आजींनी चक्क ट्रकवर हात आपटला. वर निघालेला कुकर खाली येणार नाही.

“आजी, खाली आला तर हातात घेऊन जिन्याने नेता येईल हो,” बोंग दादा म्हणाले.

“वर,” आजी म्हणाल्या.

पाळणा वर निघाला. इतका अलगद की रजईचं लोंबणारं टोकही हललं नाही. मेंगबाईंनी जड मनाने निरोप दिला. आठवा मजला गेला, नववा आला, आणि पाळणा नऊशे तीनच्या खिडकीसमोर असा नेमका उभा राहिला की बोटभर इकडे नाही की तिकडे नाही. खाली सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तक्ता सहा बरोबर होता.

टाळ्या संपल्या. कुकर खिडकीसमोर उभा होता. खिडकी बंद होती. आधीच्या बिऱ्हाडाने जाताना नीट आतून कडी लावली होती, चांगली माणसं ती. ती कडी काढायला कुणीतरी आत असायला हवं होतं, आणि कुकरच्या आधी आत कुणी जायचं नाही, हे तर सकाळपासून सगळ्यांनी जिवापाड सांभाळलं होतं.

बोंग दादांनी घड्याळ पाहिलं. जू साहेबांनी नियमांचं पुस्तक उघडलं आणि मिटलं. सामानवाल्यांपैकी एक जण म्हणाला, मी जातो पटकन, तर आजींनी त्याला हाताने थांबवलं. मीरान म्हणाली, मी जाते, तिलाही त्या नको म्हणाल्या. मग त्यांनी सगळ्यांकडे एकेक करून नीट पाहिलं, तांदूळ निवडताना बघतात तसं, आणि त्यांची नजर मुलावर येऊन थांबली.

“बमसक,” त्या म्हणाल्या, “तू जा. तू आत गेलास तर कुणी आत गेल्यासारखं होत नाही.”

बमसक लिफ्टने वर गेला. दाराशी बूट काढले, कुलपाचे आकडे दाबले आणि मोज्यांवर, आवाज न करता, रिकाम्या घरातून खिडकीपर्यंत गेला. कडी काढली. कुकर जड होता. दोन्ही हातांनी पोटाशी धरून त्याने तो आत आणला, स्वयंपाकघराच्या मधोमध जमिनीवर ठेवला आणि रजई नीट केली. खालून आजींनी टाळी वाजवल्याचा आवाज आला, एकच, पण ती त्यांची होती हे त्याने ओळखलं. पिशवी खाली ठेवल्याशिवाय टाळी वाजवता येत नाही. आता ओरडून सांगायला हवं होतं की या सगळे. पण एकोणीस वर्षांनी स्वतःचं घर झालं होतं, भिंतींवर दुपारचं ऊन होतं, आणि घरात अजून कुणीच आलेलं नव्हतं. म्हणून तो कुकरशेजारी मांडी घालून थोडा वेळ निवांत बसला.